सदतीसला एक

जुलै महिना, सकाळचे साडेआठ, कसारा घाट. आम्ही पाच जण रेनकोट चढवून दरीच्या कडेला उभे आहोत आणि समोर काहीही दिसत नाहीये. पंधरा मिनिटांपूर्वी पलीकडच्या डोंगरात बोगद्याचं तोंड दिसत होतं. आता तिथे नुसतं पांढरं आहे. कॅमेऱ्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या आहेत, कुणाच्या तरी बुटात पाणी शिरलंय आणि डब्यातले पोहे पावसाने आपोआप पातळ झालेत.

मग खालून भोंगा वाजतो. धुक्यातून लांबलचक एक्स्प्रेस वर येते. डबे सरकत जातात आणि शेवटी तिला मागून रेटणारी इंजिनं दिसतात. कसाऱ्याला ही जास्तीची इंजिनं लागतात, इगतपुरीला सुटतात. रेल्वेवाले त्यांना ‘बँकर’ म्हणतात. सगळा खेळ मिनिटभराचा. त्यासाठी आम्ही पहाटेची लोकल पकडून आलेलो असतो.

परतताना कसाऱ्याहून लोकलमध्ये बसलो, तेव्हा आमच्यातला सगळ्यात लहान, आसनगावचा कॉलेजातला मुलगा मला म्हणाला, “ताई, इथून वाफेचं इंजिन गेलं असतं तर?” त्याने मोबाइलवर इंग्लंडचे व्हिडिओ पाहिले होते. धो-धो पाऊस, शेतात छत्र्या घेऊन उभी असलेली म्हातारी माणसं, आणि शंभर वर्षांचं, दुरुस्त करून पुन्हा रुळांवर आणलेलं काळं इंजिन धूर सोडत जातंय. “आपल्याकडे असं का नाही?”

मी सांगायला सुरुवात केली, पण आसनगाव आलं आणि तो उतरला. राहिलेलं उत्तर इथे लिहितेय. ते इंजिनापासून सुरू होतं, पण संपतं मुरबाडला. जिथे इंजिन कधी आलंच नाही.

खराब हवेत जास्त दिसतं

आधी हे सांगते, की इंजिनवेडी माणसं पावसात का उभी राहतात.

कडक उन्हात वाफ चिमणीतून बाहेर पडते आणि बघता बघता विरून जाते. हवा थंड आणि दमट असली की तीच वाफ लगेच थिजते, पांढरे लोट होतात आणि ते डब्यांवरून मागे लोळत राहतात. म्हणजे आपण ज्याला खराब हवा म्हणतो, त्या हवेत वाफेचं इंजिन पूर्ण दिसतं.

आणि दुसरं दिसतं ते त्याचे कष्ट. लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालतं. दोन्ही गुळगुळीत. सपाटीवर हीच गंमत कामाची, कारण थोड्या जोरात खूप वजन हलतं. चढावर मात्र तीच उलटते. रूळ ओला असला की पकड कमी होते. त्यातही मुसळधार पावसापेक्षा भुरभुर वाईट. मोठा पाऊस रूळ धुऊन काढतो, भुरभुर पाऊस धूळ आणि तेलाचं चिकट सारवण करून ठेवतो. मग चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागतात. इंजिनाचा ठोका ठाय लयीतला असतो, तो एकदम द्रुत होतो. ड्रायव्हर वाफ कमी करतो, चाकांपुढे वाळू सोडतो, पुन्हा हळूच वाफ वाढवतो. जुन्या इंजिनांवर वाळूची वेगळी पेटी असायची ती याचसाठी.

इंग्लंडमध्ये नियमित गाड्यांवरची वाफ १९६८मध्ये संपली, पण त्याआधीपासूनच, १९५१मध्ये वेल्समधल्या टालिलिन रेल्वेपासून, हौशी माणसांनी जुन्या गाड्या चालवायला घेतल्या होत्या. १९२३चं ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे इंजिन २०१६मध्ये दुरुस्त होऊन परत धावलं, तेव्हा बघणारे रुळांवर इतके घुसले की गाडी थांबवावी लागली. आपल्याकडे ब्रॉडगेजवरची वाफेची शेवटची नियमित गाडी डिसेंबर १९९५मध्ये पंजाबात धावली. कसारा घाटातून वाफ गेली ती त्याच्याही कितीतरी आधी. ती कशी गेली हे बघण्याआधी ती तिथे आली कशी, हे बघायला हवं. कारण ती तिथे यायचीच नव्हती.

माळशेजचा रस्ता

१६ एप्रिल १८५३ ही तारीख शाळेत पाठ केलेली असते. बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. पण ठाणं हे काही त्या रेल्वेचं ध्येय नव्हतं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीला हवा होता देशावरचा कापूस. कापूस आणि बंदर यांच्या मधे सह्याद्री होता.

१८४०च्या दशकातल्या कंपनीच्या पहिल्या आराखड्यांत सह्याद्री चढायचा होता तो माळशेज घाटातून. एकाच घाटाने वर जायचं आणि पठारावर पोचल्यावर फाटे फोडायचे, अशी कल्पना. नकाशा उघडा आणि कल्याणहून माळशेजकडे बोट फिरवा. बोटाखाली मुरबाड येतं, सरळगाव येतं, टोकावडे येतं. टोकावडे म्हणजे माझं गाव.

या वाटेला व्यापार नवा नव्हता. जवळच नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरचा माल त्याच वाटेने जुन्नरला चढत होता. नाणेघाटाच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेच्या वेळचा लेख आहे. म्हणजे बैलाच्या हिशेबाने मुरबाड तालुका मोक्याचाच होता.

पण इंजिन म्हणजे बैल नव्हे. १८५०मध्ये कंपनीचे मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले मुंबईत आले. सर्वेक्षणांनंतर माळशेज बाद झाला आणि दोन वेगळे घाट ठरले. पुण्याकडे भोर, नाशिककडे थळ. थळ घाट म्हणजेच आपला कसारा घाट. त्या दिवशी मुरबाड नकाशातून गेलं आणि शहापूर आलं.

लहानपणी मला हे कळलं असतं तर मी म्हटलं असतं, अन्याय झाला. नंतर आकडा कळला. थळ घाटात सगळ्यात तीव्र चढ आहे सदतीसला एक. सदतीस मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. गाडीने तुम्ही असा चढ चढलात तर तो जाणवणारही नाही. पण रेल्वेसाठी तो भयंकर आहे. हिशेब सोपा आहे. या चढावर प्रत्येक टनाला सुमारे २७ किलोची जास्तीची ओढ लागते. ३०० टनांची गाडी असेल तर नुसता चढ चढायला ८ टनांची ओढ. ती सगळी काही ओल्या रुळांना टेकलेल्या मोजक्या चाकांमधून काढायची.

आता शहापूर तालुका कसा आहे ते आठवा. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा. जमीन हळूहळू वर जात राहते. कसाऱ्याला पोचेपर्यंत बराच चढ न कळत संपलेला असतो. तिथून इगतपुरीपर्यंत उरतो जवळपास ३०० मीटर, आणि तो सुमारे १५ किलोमीटरमध्ये बसवता आला. माळशेज तसा नाही. टोकावड्यातून बघितलं की डोंगर चढत जात नाही, उभाच राहतो. समजा तिथे ५०० मीटर वर जायचंय. सदतीसला एक या हिशेबाने साडेअठरा किलोमीटर लोहमार्ग हवा, आणि तो भिंतीला चिकटलेल्या पालीसारखा कड्यावरून न्यायला हवा. चाकाला दात लावून डोंगर चढणारी रेल्वे तेव्हा अजून जन्मायची होती.

म्हणून थळ.

आठ महिन्यांचं वर्ष

कल्याण ते वासिंद गाडी १ ऑक्टोबर १८५५ला सुरू झाली. आसनगावहून कसाऱ्यापर्यंत ती १ जानेवारी १८६१ला पोचली. कसारा ते इगतपुरी मात्र १ जानेवारी १८६५ उजाडला. शेवटच्या त्या छोट्या तुकड्याने वर्षंच्या वर्षं खाल्ली.

१३ बोगदे, एहेगावजवळचा खोल दरीवरचा उंच पूल, आणि चढ आवाक्यात ठेवायला केलेली एक अजब युक्ती, रिव्हर्सिंग स्टेशन. गाडी डोंगराच्या टोकावर जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट्या दिशेने पुढचा चढ सुरू. पुढे मार्ग बदलल्यावर हे वळण गेलं.

पावसाळ्यात घाटातलं काम बहुतेक थांबायचं. म्हणजे मजुरांचं वर्ष आठ महिन्यांचं. सुरुंगाने खडक फोडायचा, दोरांवर लोंबकळत कड्यात पहार मारायची, आणि छावणीत कॉलरा आला की ज्याला जमेल त्याने पळायचं. बर्कले यांची तब्येतही इथेच ढासळली. घाट पूर्ण होण्याआधीच, १८६२मध्ये, ते इंग्लंडमध्ये वारले. त्यांचं नाव पुस्तकांत आहे. पहार मारणाऱ्यांची नावं मला कुठे वाचायला मिळालेली नाहीत.

घाटातला पाऊस आजही तसाच आहे. आम्ही कॅमेरे घेऊन उभे असतो तेव्हा रुळांच्या कडेने रेनकोटातली माणसं चालत जाताना दिसतात. सुटू पाहणारे दगड आधीच पाडून टाकायचे, दरड बघायची, पाणी तुंबलंय का बघायचं, हे त्यांचं काम. मी घाटातल्या गाड्यांचे शेकडो फोटो काढलेत. परवा मोजले, त्यातल्या फक्त चार फोटोंत ही माणसं आहेत. तीही कोपऱ्यात, चुकून आलेली.

खेकडा आणि आजोबा

आता वाफ गेली कशी. लोकांना वाटतं, वाफ, मग डिझेल, मग वीज, असा सगळीकडे क्रम असणार. आपल्या घाटांत तसं झालं नाही. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ला धावली आणि १९३०च्या सुमारास तारा पुण्यापर्यंत आणि इगतपुरीपर्यंत पोचल्या. कारण पुन्हा तोच आकडा, सदतीसला एक. विजेचं इंजिन ओल्या चढावर जास्त जोर लावतं, बोगद्यात धुराने माणसं गुदमरत नाहीत, आणि उतरताना ब्रेक लावता लावता थोडी वीज तारेत परतही करतं.

घाटासाठी मालगाड्यांची जी इंजिनं आली ती बघण्यासारखी होती. मधे खोली, पुढे-मागे लांब नाकं, चाकांना जोडणारे दांडे. युरोपात असल्या इंजिनांना मगर म्हणत. आपल्या रेल्वे कामगारांनी नाव ठेवलं खेकडा. चालताना ते डुलायचं आणि उभं असताना विचित्र कण्हायचं. पहिले खेकडे स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यात तयार झाले. एक आजही वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात उभा आहे. मुंबईत असाल तर जाऊन हात लावून या.

याचा परिणाम मजेशीर झाला. घाटाखाली वीज, घाटावर कोळसा. तारा इगतपुरीला संपायच्या. तिथे विजेचं इंजिन सुटायचं आणि पुढे भुसावळकडे न्यायला वाफेचं लागायचं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत हे चालू होतं.

माझ्या आजोबांनी मेल गाडीला जुंपलेलं वाफेचं इंजिन पाहिलं ते तिथेच. ते पंधरा वर्षांचे होते, साल १९५६च्या आसपास. मामाला इगतपुरीत काम मिळणार होतं, हे सोबत. टोकावड्याहून सरळगाव, किन्हवलीत नातेवाइकांकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी शहापूर आणि मग आसनगाव स्टेशन. गाडीत बसायला दोन दिवस चालले. इगतपुरीला उतरले तेव्हा पाऊस कोसळत होता. समोर काळं इंजिन गाडीला लागत होतं.

“पानी पडायचं त्याच्या अंगावर आन् तिथल्या तिथं वाफ व्हायची,” ते सांगायचे. “मामा वढतोय चल चल, मी जाग्यावरच.” सदऱ्यावर काजळीचे थेंब पडले. आजीने, म्हणजे त्यांच्या आईने, तो सदरा किती वेळा धुतला तरी ते गेले नाहीत.

गोष्ट सांगून झाली की ते नेहमी एकच वाक्य म्हणायचे, “दोन दिस चाललो तवा एक इंजान दिसलं.” मी लहानपणी यातलं इंजान ऐकायचे. दोन दिवस ऐकायला मला बरीच वर्षं लागली.

कल्लार

पावसात चढणारं वाफेचं इंजिन आता बघायचं तर आपला जिल्हा सोडावा लागतो. तीन वर्षांपूर्वी मी दोन मैत्रिणींबरोबर निलगिरीला गेले. तमिळनाडूतल्या मेट्टुपालयमहून उटीकडे जाणारी ४६ किलोमीटरची डोंगरी रेल्वे. १८९९मध्ये ती कुन्नूरपर्यंत पोचली, १९०८मध्ये उटीला. कुन्नूरपर्यंत आजही वाफेची इंजिनं गाडी चढवतात. त्यातली जुनी शंभरी गाठलेली आहेत. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात त्यांना खोलून, दुरुस्त करून पुन्हा पुन्हा रुळांवर आणतात. आणि ही इंजिनंही मूळची विंटरथूरचीच, आमच्या खेकड्याच्या माहेरची.

आम्ही कल्लारजवळ उभ्या होतो. तिथे डोंगर सुरू होतो आणि रुळांच्या मधे दात्यांची पट्टी सुरू होते. इंजिनाखालचं दातेरी चाक त्या पट्टीत अडकतं. चढ बाराला एक, म्हणजे आपल्या घाटाच्या तिप्पट. ऑक्टोबरचा शेवट होता, सकाळपासून बारीक पाऊस. आमच्यासारखे आणखी आठ-दहा जण छत्र्या सांभाळत उभे होते. त्या दिवसांत दरडी कोसळून गाडी रद्दही होते, त्यामुळे येईल की नाही इथपासून चर्चा.

आली. आधी आले निळे डबे, प्रत्येकावर ब्रेक धरून बसलेला एक माणूस. इंजिन शेवटी, कारण इथे ते गाडी ओढत नाही, खालून ढकलतं. दात्यांत चाक अडकलं तसा आवाज बदलला. वेग माणूस पळेल इतका, ताशी १३ किलोमीटर. वाफेने सगळा रस्ता भरून गेला, चष्म्यावर धुकं आलं, आणि दोन मिनिटं मला फक्त ठोके ऐकू येत होते. जड, सावकाश, न चुकणारे. गाडी झाडीत शिरली तरी लोट तिथेच रेंगाळत होते.

बाकीचे फोटो बघायला लागले. मी त्या दात्यांच्या पट्टीकडे बघत होते. इतके दात लावून, इतक्या सावकाश, इतके थोडे डबे. बंदराकडे कापसाच्या गाड्या अशा गेल्या नसत्या. बर्कले यांना माळशेजकडे पाठ का फिरवावी लागली, हे मला पुस्तकात वाचून पटलं नव्हतं, ते तिथे पावसात उभं राहून पटलं. अन्याय नव्हता. डोंगर होता.

पण मुरबाड तर सपाट आहे

परतीच्या प्रवासात मात्र दुसरा विचार डोक्यात आला आणि तो अजून गेलेला नाही. डोंगर माळशेजला आहे. कल्याण ते मुरबाडमध्ये कुठला घाट आहे?

नाही. सपाट भातखाचरं आहेत. सदतीसला एक हा आकडा माळशेज पार न होण्याचं कारण देतो, मुरबाडला गाडी न येण्याचं नाही. कंपनीला देशावर जायचं होतं, मुरबाडला नाही, इतकंच ते कारण. आणि ती कंपनी जाऊन आता कितीतरी वर्षं झाली.

मी कल्याणला कॉलेजात होते तेव्हा एका पावसाळ्यात झाड पडून रस्ता अडला आणि माझा पेपर बुडाला. माझ्या वर्गातली शहापूरची मैत्रीण त्याच पावसात, उशिरा धावणाऱ्या लोकलने, भिजून का होईना, पोचली. आमच्या दोघींच्या घरांत अंतर फार नाही. एक नकाशा आहे, १८५०च्या दशकात ठरलेला. तिच्या गावातून मुलं मुंबईत नोकरीला जाऊन रात्री घरी येतात. माझ्या गावातली मुलं नोकरी लागली की कल्याणला खोली घेतात आणि मग तिथेच राहतात.

कल्याण–मुरबाड रेल्वेची मागणी माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. उल्हासनगरमार्गे सुमारे २८ किलोमीटरच्या या मार्गाला २०१६मध्ये मंजुरी मिळाली. पुढे माळशेजमधून नगरपर्यंत जावं, ही मागणीही जुनीच. आज बोगदे खणायची यंत्रं आहेत, विजेची इंजिनं आहेत. हे लिहिते आहे त्या दिवसापर्यंत मुरबाडला गाडी आलेली नाही.

आसनगावच्या त्या मुलाला मला एवढंच सांगायचं होतं. कसारा घाटातून दुरुस्त केलेलं वाफेचं इंजिन जायला हवं का? जायला हवं. पाऊस असेल तर उत्तमच, मी सगळ्यात पुढे उभी असेन. पण इंजिन बघायला उभं राहण्याची हौस त्यालाच परवडते ज्याला परतताना लोकल मिळते.

कल्लारचा व्हिडिओ मी आजोबांना दाखवला होता. त्यांना नीट दिसत नाही, म्हणून मोबाइल अगदी डोळ्यांजवळ धरला. आवाज मोठा केला. ते ठोके सुरू झाले तसे ते हसले, मान डोलवत शेवटपर्यंत ऐकत राहिले.

“कुठं जातं ह्ये?”

“उटीला, आजोबा.”

“लोकं बसत्यात यात?”

“बसतात ना. रोज.”

त्यांनी मोबाइल परत दिला. “मंग बरंय,” म्हणाले. “आपन नुस्तं बघनारं.”